ओल्या क्लचचं तेल

नशिराबादची सलीमा छोटा डोझर चालवायची आणि तिचा नवरा नूर महंमद त्याची दुरुस्ती पाहायचा. शेतं सपाट करायची कामं घेत दोघं गावोगाव फिरत. या खेपेला बोलावणं आलं ते चोपड्याकडच्या एका गावातून, तेही बायकांकडून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येणार होत्या आणि निंबांखालच्या मोकळ्या जागेत नाल्यातल्या गाळाचे ढीग पडले होते. झोके बांधायला, खेळायला जागाच नव्हती. हे काम कमलबाईंनी अंगावर घेतलं होतं. त्या गावच्या थोरल्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या.

सकाळी दोन ढीग बघता बघता पसरले. तिसऱ्याला पातं लावलं आणि इंजिन नुसतंच गरजायला लागलं. चाकांवरचे लोखंडी पट्टे हलेनात. सलीमाने मागे घेतला तर डोझर निमूट मागे आला. पुन्हा माती भरली, पुन्हा तेच.

कमलबाई पदर सावरत जवळ आल्या. "रिकामं पयस, वझं देखं का बठी जास! मना दीर बी असाच शे!"

रिकामा पळतो आणि ओझं दिसलं की बसतो, हे दिराचं वर्णन ऐकून बायका खो खो हसल्या. दीर निंबाखालीच बसला होता, तोही हसला.

नूर महंमदने झाकण उघडलं, दांड्या तपासल्या, नट आवळले. फरक पडला नाही.

"अजी, तुम्ही तेल बदललं तेव्हापासून हा असा ढिला वागतोय," सलीमा म्हणाली. "मला सीटवर कळतं."

"उन्हाळा बघ किती आहे! जाड तेल लागतंच. चांगलं गिअरचं तेल घातलंय."

"चांगलं असेल. याला चालतं का, ते विचारू या."

ती सीटखाली वाकली. तिथे एक पत्र्याची पट्टी होती, वर्षानुवर्षांच्या ग्रीसखाली दडलेली. रॉकेलच्या चिंधीने तिने ती घासून काढली. कोणतं तेल घालायचं त्याची अक्षरं दिसली तसा नूर महंमदने मोबाइलवर फोटो काढला.

चोपड्याला जायला कमलबाईंनी पुतण्याची पिकअप मागवली आणि दोघांबरोबर स्वतःही पुढे चढून बसल्या. "माले बी देखनं शे," त्या म्हणाल्या.

तेलाच्या दुकानात तौसिफ नावाचा पोरगा होता. त्याने फोटो मोठा करून पाहिला. "चाचा, याचा क्लच ओला आहे. त्याच्या चकत्या तेलातच फिरतात. तुम्ही काय घातलंय?"

"नव्वद नंबरचं गिअर तेल."

तौसिफने कपाळावर हात मारला. "अहो, ते गिअरच्या दातांसाठी असतं, दात झिजू नयेत म्हणून. इथे चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. तुमच्या तेलाने त्यांची पकडच सुटते."

"म्हंजे तेलना हात करीसन फुगडी खेळनं!" कमलबाई म्हणाल्या.

"बरोबर, अक्का!" तौसिफला हसू आवरेना. त्याने फळीवरून एक डबा उतरवला. "पट्टीवर लिहिलंय तेच हे. ओल्या क्लचचं ट्रान्समिशन तेल, तीस नंबर. क्लच थंड ठेवतं आणि पकडही राखतं."

"तीस?" नूर महंमदचा विश्वास बसेना. "नव्वदवरून एकदम तीस? पाण्यासारखं होईल."

"गिअर तेलाचे नंबर वेगळ्या मापाचे असतात, चाचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचेच नाहीत."

नूर महंमदने सलीमाकडे पाहिलं. ती डबे मोजून पिकअपमध्ये ठेवायला लागली होती. "फिल्टरही दे," तो तौसिफला म्हणाला. "आणि दुसरं कुठलं जाड तेल दाखवू नकोस, नाहीतर मला पुन्हा मोह होईल."

परतल्यावर त्याने जुनं तेल परातीत काढलं, बोटावर घेऊन हुंगलं. चकत्या जळल्याचा वास नव्हता. तळाशी त्यांचा चुराही नव्हता. "वेळेत थांबलीस," तो हळूच म्हणाला. सलीमाचा चेहरा उजळला. नवं फिल्टर बसलं, नवं तेल गेलं. तेल सगळीकडे पोचावं म्हणून तिने रिकामाच डोझर थोडा मागेपुढे फिरवला आणि मग ढिगाला पातं लावलं.

इंजिनचा आवाज जड झाला. पट्टे क्षणभर जागीच दबले, मग ढीग सरकला. सरकतच राहिला, पार नाल्याच्या काठापर्यंत.

बायकांनी टाळ्या पिटल्या. नूर महंमद डोझरबरोबर पळत होता आणि ओरडत होता, "अजून भर! भर अजून!"

ऊन कलेपर्यंत जागा तळहातासारखी झाली. सलीमाने इंजिन बंद करायला हात नेला, तोच कमलबाईंनी नऊवारीचा काष्टा खोचला.

"थांब वं बहीन! आते माले बी बसनं शे."

दिराने आणि नूर महंमदने त्यांना हात देऊन वर चढवलं. सीट दोघींना अपुरी होती, म्हणून सलीमाने त्यांना आपल्या पुढ्यात घेतलं आणि त्यांचे हात दांड्यांवर ठेवून वर आपले ठेवले. डोझर खडखडत सपाट मैदानावर निघाला. कमलबाई वळणावर किंचाळल्या, मग हसल्या आणि दुसऱ्या वळणाला स्वतःच दांडी ओढली.

"उतरा ना आता, अक्का," नूर महंमद खालून म्हणाला.

"काब्रं उतरू?" त्या वरून ओरडल्या. "तेल नवं शे ना!"