माणशी पाणी

त्या सकाळी मी दादाला दारातच सांगून टाकलं, "जाळी काढलीये आणि ती परत बसणार नाही. काय करायचं ते कर."

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. मी सगळ्यात वर, सहाव्या मजल्यावर. घरी पडदे शिवते आणि आईला सांभाळते. वर्षभर त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, इमारतीला ग्रीन सर्टिफिकेट मिळवायचं. फाटकावर पाटी लागणार, पेपरात फोटो येणार, म्हणजे ह्याचाच. त्यासाठी घराघरांतल्या नळांच्या तोंडाला बारीक जाळ्या बसवल्या, पाणी कमी यावं म्हणून. बसवा की! पण सहाव्या मजल्यावर पाण्याला आधीच जोर नाही. त्यात जाळी लागली की माझा गॅसचा गिझर पेटतच नाही. आणि तो पेटला नाही की आईची अंघोळ नाही.

तिची अंघोळ म्हणजे चैन नव्हे. तिला संधिवात आहे. सकाळी बोटं तळहातात रुतलेली असतात. वीस मिनिटं हातांवर गरम पाण्याची धार सोडली की हळूहळू उघडतात, मग ती स्वतःच्या हाताने चहाचा कप धरते. नाहीतर दिवसभर मी भरवायचं आणि तिने रडायचं. पातेल्यात पाणी तापवूनही पाहिलं. चौथं पातेलं तापेपर्यंत पहिलं गार!

"आज तपासणी आहे," दादा म्हणाला. "एक दिवस अंघोळ नाही केली तर कुणी मरत नाही."

"मग तू नको करूस. तुझ्याकडे तर टब आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तू तर कोरडाही नाहीस!"

"मीटिंगमध्ये तुझं नाव घेईन मी."

"घे. आडनावासकट घे, तुझंही तेच आहे."

आतून आईचा आवाज आला, "दादा आलाय का गं? बस म्हणावं त्याला."

"घाईत आहे, आई," तो चपलांच्या कपाटापाशी उभं राहूनच म्हणाला आणि गेला. गेली सात वर्षं तो तिथवरच येतो. आईने सहा महिने माझ्याकडे राहायचं, सहा महिने त्याच्याकडे, असं ठरलं होतं. माझे सहा महिने झाले, त्याची पाळी काही आली नाही. आधी रंगकाम, मग मुलाची परीक्षा, मग फरशी बसवायची होती. आई मात्र प्रत्येक वेळी म्हणायची, नेईल गं, त्याच्यामागे किती व्याप असतात!

अकरा वाजता तपासनीस बाई आल्या. दादाला त्यांना आधी आपल्या घरी न्यायचं होतं, पण त्या म्हणाल्या, वरून सुरुवात करते. तो मागे उभा राहून माझ्यावर डोळे वटारत होता. बाईंनी नळाखाली मापाचं भांडं धरलं, घड्याळ लावलं. भांडं ठरलेल्या वेळेआधीच भरलं.

"इथे जाळी नाही," त्या म्हणाल्या.

"मी काढली," मी म्हटलं, आणि गिझरचं, आईच्या बोटांचं, सगळं सांगितलं.

बाई सरळ होत्या. "अहो, मग त्यात काय? आजारी माणूस असेल तर त्या घराला सवलत मिळते. सेक्रेटरींनी फक्त एक ओळ लिहून द्यायची." त्यांनी कागद चाळले. "पण इथे तसं कुणी दिसत नाही. राहणारी माणसं, एक. आणि मीटर बघता एका माणसाला हे पाणी फारच झालं."

"एक? मग ही कोण बसलीये?"

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, नुकतीच न्हालेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या मजल्याचं पान काढलं. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि चौथी आई. माणशी हिशोब असतो म्हणे. चौघांत भागलं की दादाचं घर नियमात बसत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टबाचं पाणी आईच्या नावावर? आणि तिच्या अंघोळीला एक ओळ लिहिता येईना तुला! कशी लिहिशील, चोरी उघडी पडली असती ना!"

"अगं, ती नुसती फॉर्मॅलिटी..."

"गप्प बस! कागदावर तुझ्याकडे आहे ना? मग ने. आत्ता, बाईंच्या समोर ने खाली."

मी हे त्याला लाजवायला बोलले. दुसरं काहीही माझ्या मनात नव्हतं.

"खाली?" आईने विचारलं. "दादाकडे?"

तिने खुर्चीचे हात धरले आणि उठू लागली. एरवी मी उठवल्याशिवाय ती उठत नाही. "बघ, मी म्हणत नव्हते? नेईल म्हणून!" चेहरा असा फुललेला की मला तिचा रागच आला, दादाचा आला नसेल इतका. "माझी शाल दे गं. आणि फणी." मग बाईंना म्हणाली, "माझा मुलगा आहे हा. सेक्रेटरी आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. सोडव मला, असं ते पाहणं होतं. मी सोडवलं असतं, पण त्यासाठी आईला सांगावं लागलं असतं की तुला कुणी नेत नाहीये. तेवढी जीभ माझी रेटेना.

"आई, अगं घरात अजून ते फरशीचं..." तो म्हणाला.

"फरशी कधीच बसलीये," मी म्हटलं. "बाई बघतीलच आता."

मी तिच्या अंगावर शाल घातली, पिशवीत फणी आणि औषधं भरली. "आधी हातांवर पाणी सोडायचं," मी दादाला सांगितलं. "वीस मिनिटं." त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याने तिला एका बाजूने धरलं, बाईंनी दुसऱ्या. आईने मागे वळून घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

लिफ्टमध्ये शिरल्यावर मात्र तिला माझी आठवण झाली.

"येत जा हं अधूनमधून," ती म्हणाली.