वसतिगृहातले भाडेकरू

दिवाळीची सुट्टी संपवून दीक्षा दौंडहून शिरूरला परतली, तेव्हा मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर कंपनीचे निळे युनिफॉर्म वाळत होते. तिच्या खोलीत रांजणगावला कामाला जाणारी पोरं राहत होती. तिची ट्रंक कुणीतरी जिन्याखाली सरकवून ठेवली होती.

हे वसतिगृह तिच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या आबांनी, दिलेल्या जागेवर, समाजाच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. ट्रस्टचा सगळा कारभार तिचे मामा, ज्ञानदेव, बघत. तिनं त्यांना फोन लावला.

"दुरुस्ती काढायचीय. पोरींनी तवर नातेवाइकांकडं ऱ्हावं."

"मग ही माणसं कशी राहतात, मामा?"

फोन कट झाला.

तिच्या खोलीतली मोनाली सामान घेऊन कवठे येमाईला निघाली. "रोज एसटीनं कॉलेजला यायला घरचे न्हाई पाठवायचे गं," एवढंच म्हणाली.

दीक्षा एका वकीलबाईंना भेटली. त्या म्हणाल्या, "धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. पण ट्रस्टशी संबंध असलेली निदान दोन माणसं लागतील. एक तू. दुसरं कोण?"

बाकीच्या मुलींचे आईबाप ज्ञानदेवांच्या विरोधात जायला धजेनात. उरली तिची आई, ताईबाई. ती ऐकूनच बिथरली.

"तुझा बाप गेला तवा दादानंच सांभाळलं आपल्याला. त्याच्यावरच अर्ज करू व्हय?"

तरी ती एकदा स्वतः वसतिगृह बघायला आली. दारात एका बिहारी पोरानं अदबीनं खुर्ची पुढं केली. "किराया? ज्ञानदेव साहब खुद लेने आते हैं, माताजी."

ताईबाई बसली नाही. दीक्षाला घेऊन तशीच भावाच्या घरी गेली.

"दादा, आबांनी ती जागा पोरींसाठी दिली व्हती."

"आन् तुझ्या पोरीची फी कुणी भरली?"

"कुठल्या पैशातनं भरलीस, दादा?"

चहा घेऊन आलेली वहिनी दारातूनच आत वळली.

दुसऱ्या दिवशी ताईबाईनं अर्जावर सही केली. मग तारखा पडत गेल्या. सुनावणीला मामा समोरच्या बाकावर बसत, पण बहिणीकडं बघत नसत. ताईबाईला माहेरच्या एका लग्नाचं बोलावणं आलं नाही. उन्हाळ्यात आदेश निघाला. चौकशी पुरी होईस्तोवर ज्ञानदेवांनी कारभारात हात घालायचा नाही, आणि खोल्या मुलींना मोकळ्या करून द्यायच्या. कामगार पोरं गाद्या गुंडाळून निघून गेली. त्यांचं डिपॉझिट कुणीच परत केलं नाही.

दीक्षानं मोनालीला फोन केला. "जूनपासून ये."

"आता कुठं गं? लग्न झालं माझं," ती हळूच म्हणाली.

दीक्षा खोलीत आली. ताईबाई फरशी घासत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "दादा दिसला का गं कुठं?"

"दिसले. स्टँडवर. बोलले न्हाईत."

"बारीक झालाय का?"

दीक्षा तिच्याशेजारी बसून फरशी घासायला लागली.