उंदीर उपसमितीचा अहवाल

रुग्णालयाच्या आहारविकार जनजागृती समितीची सभा दर मंगळवारी चार वाजता भरे. लोकांना जागं करण्याआधी आपण जागं असावं, म्हणून विषयपत्रिकेवर पहिला विषय चहाचा असे. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना मंगळवारी पेशंट असत, त्यामुळे अध्यक्षपद हाडांच्या डॉक्टरांकडे आलं होतं. त्यांना मंगळवारी काही नसे. सदस्य दोन, मेट्रनबाई आणि स्टोअरकीपर. सचिव हेडक्लार्क. म्हणजे बोलायचं तिघांनी आणि लिहायचं एकट्याने. सव्वीस वर्षांत हेडक्लार्कांनी इतकी इतिवृत्तं लिहिली होती की घरी बायकोशी वाजलं तरी त्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं उमटत : सविस्तर चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत.

समितीचं गाडं पोस्टरवर अडलं होतं.

"एक बारीक मुलगी हवी," अध्यक्ष म्हणाले. "खिडकीत बसलेली. उदास."

"डॉक्टरीणबाईंनी टिपण पाठवलंय, वाचलंत का?" मेट्रनबाई म्हणाल्या. "हा आजार कुणालाही होतो. बाई, बुवा, बारीक, जाड, कुणालाही."

"मग काय आमच्या हेडक्लार्कसाहेबांचा फोटो लावू?" स्टोअरकीपर म्हणाला. "खिडकीत बसवू. मावले तर!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हेडक्लार्क हसले. जाड माणसाला ही खबरदारी घ्यावीच लागते. मेट्रनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

दुसरा विषय गंभीर होता. समितीच्या प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी आणलेल्या बिस्किटांच्या सहा डब्यांपैकी चार रिकामे निघाले होते.

"उंदीर," स्टोअरकीपरने जाहीर केलं. "पण साधा नाही. झाकण परत घट्ट लावतो. रिकामा डबा मागे सरकवतो, भरलेला पुढे ठेवतो. आणि काल मी पिंजरा लावला, तर पिंजऱ्यातलं बिस्किट खाऊन गेला! पिंजरा उघडाच्या उघडा!"

"शिकलेला दिसतोय," अध्यक्ष म्हणाले.

एकमताने उंदीर उपसमिती नेमण्यात आली. सचिव अर्थातच हेडक्लार्क. त्यांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. त्यांचा डावा हात खिशात होता, स्टोअरच्या दुसऱ्या किल्लीवर घट्ट दाबून धरलेला. लिहीत होते ते उजव्या हाताने.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं. शेत खाताना कुंपणाला निदान चव तरी लागत असेल. हेडक्लार्कांना लागत नसे. सगळे पांगले की ते स्टोअरमध्ये जात. भूक नसे. एक बिस्किट म्हणून बसत आणि भानावर येत तेव्हा डब्याचा तळ दिसत असे. मग पुड्यांचे रिकामे कागद स्कूटरच्या डिकीत कोंबून, पोटापेक्षा जड असं काहीतरी घेऊन घरी जात आणि बायकोने वाढलेलं निमूटपणे जेवत, संशय नको म्हणून.

याला हावरटपणा म्हणतात, अशी त्यांची चार वर्षं समजूत होती. मग डॉक्टरीणबाईंचं टिपण टंकायला त्यांच्याकडे आलं. भूक नसताना, एकट्याने, लपून खाणं. थांबावंसं वाटूनही थांबता न येणं. नंतर स्वतःची किळस वाटणं. वारंवार असं होत असेल तर हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. एका विश्वासू माणसाला सांगा.

हेडक्लार्कांनी त्या पानाचं मुद्रितशोधन चार वेळा केलं. चूक एकही नव्हती.

त्यांनी सांगून पाहिलं. रात्री बायकोला म्हणाले, "अगं, मला जरा बोलायचं होतं." ती म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग बोला." जेवल्यावर तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी ते अध्यक्षांच्या खोलीत गेले. "साहेब, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. फार खातात. लपून."

"मग तोंड आवरायला सांगा त्यांना! आजारबिजार काही नाही, मनाचा कच्चेपणा." अध्यक्षांनी एक हाडाचा फोटो उजेडात धरला. "बरं, ते ‘हा मनाचा कच्चेपणा नव्हे’ असं वाक्य आहे म्हणे डॉक्टरीणबाईंच्या टिपणात? ते ठळक करा."

हेडक्लार्कांनी ठळक केलं.

आता उरली एकच भाषा, जी त्यांना खरोखर येत होती. पुढच्या मंगळवारी, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा विषय आला आणि ते उभे राहिले. इतिवृत्त वाचण्याचा एक सूर असतो. त्या सुरात घराला आग लागल्याचं वाचलं तरी कुणी उठणार नाही. त्याच सुरात ते ठराव एकपासून निघाले आणि न थांबता म्हणाले, "ठराव सात, स्टोअरमधील बिस्किटे उंदराने नव्हे तर प्रस्तुत सचिवाने खाल्ली असून, भूक नसताना व इच्छा नसताना हा प्रकार चार वर्षे चालू आहे, तो सचिवास थांबवता येत नाही, सबब सचिवास मदत मिळावी, ठराव आठ, सतरंज्या धुण्याबाबत."

"कायम," अध्यक्ष म्हणाले. "सूचक?"

"मी," स्टोअरकीपर म्हणाला. तो नव्या पिंजऱ्याची स्प्रिंग तपासत होता.

हेडक्लार्क तसेच उभे राहिले. सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र असं, की आता संपलंच. यापेक्षा स्पष्ट त्यांना लिहिता येत नव्हतं.

"अनुमोदक?"

मेट्रनबाई चहाचा कप खाली ठेवून हेडक्लार्कांकडे वळल्या. तीन वॉर्डांपलीकडचं कण्हणं ऐकू येणारे कान होते ते.

"भाऊसाहेब, ठराव सात परत वाचा. माणसासारखा वाचा."

त्यांनी वाचला. ‘मदत मिळावी’पाशी आवाज फुटला, म्हणून तेवढं दोनदा वाचावं लागलं.

स्टोअरकीपरने पिंजरा टेबलावर ठेवला.

"म्हणजे... पिंजऱ्यातलंसुद्धा?" स्टोअरकीपरने विचारलं.

"तेसुद्धा."

"पण पिंजरा मिटला कसा नाही?"

"फूटपट्टीने काढलं."

"अरे वा," स्टोअरकीपर म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला. "साहेब, त्या दिवशी मी फोटोचं बोललो ना... माझी जीभच अशी आहे, मेली."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे आपण इतिवृत्तातून वगळू. बरं दिसत नाही."

"कसं वगळणार?" मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्ही कायम म्हणालात. सूचक मिळालाय. अनुमोदक मी. उद्या दहा वाजता डॉक्टरीणबाईंकडे. भाऊसाहेब, मी येते सोबत. आणि डॉक्टर, तुम्ही तेवढ्यात ते टिपण वाचून काढा. दीडच पान आहे."

अध्यक्षांनी टिपण पुढे ओढलं. वाचता वाचता एका जागी ते थबकले आणि कान लाल होईपर्यंत तिथेच राहिले. बहुधा ठळक वाक्य असावं.

त्या संध्याकाळी हेडक्लार्कांनी बायकोला जेवणाआधीच सांगितलं.

"स्कूटरच्या डिकीतले बिस्किटांचे कागद कोण काढतं असं वाटत होतं तुम्हाला?" ती म्हणाली.

"मला वाटलं, उडून जातात."

"बंद डिकीतून?" तिने डोळे पुसले. "मला वाटायचं, विचारलं तर तुम्हाला लाज वाटेल. दोघंही शहाणेच आपण. उद्या किती वाजता म्हणालात? मीपण येते."

पुढच्या मंगळवारी इतिवृत्त वाचताना तिघंही कान टवकारून बसले होते, आणि हेडक्लार्कांना सव्वीस वर्षांत प्रथमच आपल्या वाक्यांची लांबी खुपली. शेवटचा ठराव आखूड होता.

"उंदीर उपसमिती बरखास्त. उंदीर निर्दोष. पिंजरा परत करावा."

"अनुमोदन," स्टोअरकीपर सूचकाच्या आधीच ओरडला.