येशूबुवाचा अर्धा कोयता

दसरा झाला की आमच्या वाडीत दोनच आवाज ऐकू येतात, एक कोयत्याला धार लावल्याचा आणि दुसरा भांडणाचा. त्या सकाळी भांडण गहिनीनाथाच्या अंगणात लागलं होतं. आमच्या दोघांच्या मधे कमरेएवढी दगडाची भिंत, त्यामुळे भांडण त्याचं असलं तरी अर्धं माझ्याच अंगणात चालू होतं.

कारण असं की त्याची बायको कडूबाई आठ दिवसांपूर्वी बाजरीची कणसं खुडताना बांधावरून घसरली आणि उजवा हात मनगटात मोडून घेतला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने पाला सोलायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. गहिनीनाथाने बन्सी मुकादमाला पुऱ्या कोयत्याचा शब्द देऊन ठेवला होता. आता कडूबाईचा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून त्याची नजर पोरीवर गेली.

पोर म्हणजे ज्योती. दहावीला होती. वाडीतल्या पोरींमधे दहावीपर्यंत टिकलेली ती एकटीच.

गहिनीनाथ म्हणत होता की चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, परीक्षेला आणून सोडतो. ज्योती दप्तर पोटाशी धरून उंबऱ्यात बसली होती आणि डोळ्यातलं पाणी पुसतही नव्हती. तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही ठाऊक होतं. एकदा उसाच्या फडावर गेलेली पोर परत शाळेत बसल्याचं आमच्या वाडीत कोणाला आठवत नाही. पहिल्या वर्षी मोळ्या, दुसऱ्या वर्षी लगीन, कारण कुठल्या तरी पोराचा अर्धा कोयता पुरा करायचा असतो. माझ्या मुक्ताबाईचं तसंच झालं, आणि तो अर्धा कोयता माझा होता.

तेवढ्यात भिंतीपाशी येशूबुवा येऊन उभा राहिला.

त्याचं खरं नाव शांतवन अल्हाट. श्रीरामपूरकडचा ख्रिस्ती माणूस, वय तिशीच्या आतबाहेर, गालावर बारीक दाढी, पायात नेहमी पुसलेली चप्पल. तीन वर्षं बायबलच्या शाळेत शिकला होता आणि त्याच्या संस्थेने त्याला प्रचाराला आमच्याकडे धाडलं होतं. नाथांच्या मुलखात येशूचं काय काम, असं म्हणून वाडीने त्याचं येशूबुवा हे नाव पाडलं. दीड वर्षात त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ऐकत होती ती पाच-सहा पोरं, आणि तीही गणित. संध्याकाळी तो त्यांना आपल्या खोलीत शिकवायचा. ते मी बंद पाडलं. आज गणित, उद्या गळ्यात क्रूस, असं सरपंचाच्या कानात मीच सांगितलं होतं. तेव्हा मला माझ्या या हुशारीचा भारी अभिमान वाटला होता.

"गहिनीभाऊ," येशूबुवा म्हणाला, "ज्योतीच्या जागी मी येतो."

गहिनीनाथाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो हसला, मी हसलो, आणि आवाज ऐकून आलेला बन्सी मुकादम तर खाली बसून हसला. बाईमाणसाची कामं आहेत ती, असं आम्ही त्याला सांगितलं. तो म्हणाला की कामाला कुठं मिशा असतात, शिकेन. त्याची आई जन्मभर दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची, उसाचा पाला अंगाला कसा कापतो ते त्याला ठाऊक होतं.

बन्सीला काय, त्याला दोन हात हवे होते, बांगड्या नसल्या तरी चालणार होतं. पण मला ते पटेना. अडल्या माणसाच्या घरात शिरायचं, फडावर झोपडीझोपडीत जाऊन पुस्तकं वाटायची आणि सगळी टोळी बाटवून आणायची, एवढं न कळायला मी काय दूधखुळा होतो?

"माझी एक अट हाय," मी म्हणालो. "फडावर येशूचं नाव काढायचं न्हाई. पुस्तक न्हाई, गानं न्हाई, प्रार्थना न्हाई. परत येस्तवर एक शबुद न्हाई. कबूल असंल तर चल."

मला वाटलं, आता हा पाय मागे घेईल. ज्या कामाचा त्याला पगार मिळत होता तेच काम मी त्याला सोडायला सांगत होतो. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने ज्योतीकडे पाहिलं.

"कबूल," तो म्हणाला. "दिला शब्द."

असा आमचा येशूबुवा कोपरगावच्या बाजूला, गोदावरीकाठच्या काळ्या रानात, बायकांच्या रांगेत उभा राहिला. जाण्याआधी त्याने नगरच्या आपल्या ऑफिसात पत्र टाकलं होतं की मजुरांबरोबर सेवेला जातो आहे. ज्योती घरी राहिली. आईचं प्लास्टर, चूल आणि शाळा असा तिचा तिहेरी संसार सुरू झाला.

पहिले पंधरा दिवस त्याची दशा बघवत नव्हती. उसाच्या शेंड्याच्या पाल्याला पीळ देऊन त्या पिळानेच मोळी बांधायची असते. बायका बोलता बोलता बांधतात. याची मोळी डोक्यावर चढली की सुटायची आणि ऊस चारी वाटांनी घरंगळायचे. गहिनीनाथ शिव्या द्यायचा. बन्सी म्हणायचा, गहिन्याला बायको मिळाली, पण दाढीची. बायका तोंडाला पदर लावायच्या. तो पडलेले ऊस गोळा करून पुन्हा बांधायचा. हाताला चिरा, मानेला पुरळ, डोक्याला चुंबळीचा घट्टा. मुक्ताबाईनेच अखेर दया येऊन त्याला पीळ कसा द्यायचा ते शिकवलं, आणि संक्रांतीपर्यंत गडी असा तयार झाला की मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना मागे वळूनही बघत नव्हता.

मी मात्र त्याच्यावर पाळत ठेवून होतो. कोपी म्हणजे आमच्या राहायच्या पाचटाच्या झोपड्या. त्याच्या कोपीत पुस्तक आहे का बघितलं. नव्हतं. जेवणाआधी तो घास हातात धरून घटकाभर थांबायचा, तेवढंच. त्याला नाव ठेवायला मला जागा सापडेना, आणि त्याचाच मला राग यायचा.

संक्रांत झाली आणि थंडीने डोकं वर काढलं. दीड वर्षाची आमची पंकजा कोपीतल्या झोळीत असायची. तीन दिवस तिला खोकला होता. चौथ्या दिवशी दुपारी गाडी भरायची वेळ आणि मुक्ताबाई पोरीला घेऊन कोपीकडून ओरडत आली. पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या, ओठ निळे पडले होते. बन्सी म्हणाला, गाडी भरून होऊ द्या, मग बघू. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, म्हणून मी तसाच उभा. हे लिहायला आजही हात जड होतो, पण मी उभा होतो.

येशूबुवाने डोक्यावरची मोळी खाली टाकली.

मुक्ताबाईने त्याचे पाय धरले. "दादा, आमचे समदे द्येव झाले. आता तुमच्या द्येवाला तरी सांगा."

तो माझ्याकडे बघत राहिला. विचारत नव्हता, नुसता बघत होता. मी "सांग" म्हणालो असतो तर त्याने तिथेच गुडघे टेकले असते. मी मान खाली घातली. स्वतःची लेक गुदमरत असताना मला माझी अट मोठी वाटली. माणूस किती कोता असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि तो माणूस मीच होतो.

त्याने पोरीला उचललं, अंगातला स्वेटर तिच्याभोवती गुंडाळला आणि बांधाने पळत सुटला. मागून मी. रस्ता दीड कोस लांब. डांबरीवर त्याने एका मोटरसायकलवाल्याला आडवं होऊन थांबवलं आणि पोरीला धरून चौघं जमेल तसे बसून दवाखाना गाठला. सगळ्या वाटेने मी त्याचे ओठ बघत होतो. हलले नाहीत. मनात काय चाललं होतं ते त्याच्या देवालाच माहीत. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाताशी काही राहिलं नसतं. पोर वाचली. आमच्या दोघांचा खाडा बन्सीने मांडला तो मांडलाच.

यंदा ऊस कमी होता. फेब्रुवारी संपता संपता हंगाम उरकला आणि आम्ही वाडीला परतलो. ज्योतीची परीक्षा सुरू झाली होती, मराठीचा पेपर होऊन गेला होता. येशूबुवाला बघून ती धावत आली आणि त्याच्या हाताकडे बघून थबकली. हात कसले, बाभळीची साल.

चार दिवसांनी पांढरी गाडी आली. नगरहून त्याचे साहेब आले होते. केस पांढरे, चष्मा, बोलणं मऊ. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. ते पारावर बसले आणि त्यांनी लोकांना बोलावलं. आमच्या शांतवनने पाच महिने तुमच्यात राहून काय काम केलं, असं त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला वाटलं, कोणीतरी वरती तक्रार केली असणार. हल्ली धर्मांतराच्या नावाने माणूस उचलून नेतात, चौकशा होतात. तशीच ही चौकशी, आणि तीही त्याच्याच साहेबांना करायला लावलेली. आता या माणसाला वाचवायचं असेल तर वाडीने एका तोंडाने बोललं पाहिजे. आणि सगळ्यात आधी बोलायचा हक्क माझा होता. त्याला गप्प मी केलं होतं, माझी पोर त्याने वाचवली होती.

मी उठलो, टोपी नीट केली.

"सायेब, मी खंडोबाच्या भंडाऱ्याची आन घिऊन सांगतो," मी म्हणालो. "या मानसानं पाच महिन्यात येशूचं नाव एकदाबी काढलं न्हाई."

"एकदाबी न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

मग सगळ्यांनाच चेव आला. कोण म्हणे पुस्तक दाखवलं नाही, कोण म्हणे गाणं म्हटलं नाही. मुक्ताबाईने तर पुढे येऊन सांगितलं की लेकरू मरणाच्या दारात होतं, मी पाय धरून म्हणाले तुमच्या देवाला सांगा, तरी यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. असा सरळ माणूस साहेब, असं म्हणून तिने डोळे पुसले.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी शांतवनला विचारलं की हे खरं का. तो म्हणाला, खरं आहे.

"पाय धरल्यावरही नाही?"

"शब्द दिला होता, साहेब."

"शब्द आम्हालाही दिला होतास," साहेब हळूच म्हणाले. "ज्या दिवशी प्रचाराच्या सेवेसाठी तुझ्या डोक्यावर हात ठेवला त्या दिवशी."

साहेबांनी त्याला बाजूला नेलं. थोडंथोडं ऐकू येत होतं. दरमहा अहवाल यायला हवा होता, किती घरी सुवार्ता सांगितली, किती पुस्तकं दिली. त्याचे पाचही कोरे होते. संस्थेला वर उत्तर द्यावं लागतं, ज्या कामाला माणूस पाठवला ते काम झालं नाही, खोलीचं भाडं एकतीस तारखेपर्यंतच. साहेबांचा आवाज चढला नाही. गाडी निघाली तेव्हा ते आम्हा सगळ्यांना नमस्कार करून गेले.

आम्ही पारावर खूश. गहिनीनाथाने चहा सांगितला. मी शांतवनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, सोडवला की नाही तुम्हाला? तेव्हा त्याने सांगितलं, काम गेलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसायची सोय नव्हती. मी खालीच बसलो. माझ्याच जिभेने आधी त्याचं तोंड बांधलं आणि माझ्याच जिभेने त्याची भाकरी काढली. मी म्हणालो, आत्ता नगरला जातो, साहेबांना गाठतो, खोटं बोललो म्हणून सांगतो.

"खोटं कुठं बोललात, अजिनाथभाऊ?" तो म्हणाला. "खरंच बोललात."

"मंग अट कशापायी मानली तुमी? तुमाला ठाव नव्हतं का असं व्हईल?"

त्याने हाताच्या घट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ठाऊक होतं. तीन वर्षं शिकलो, दुसऱ्याचं ओझं उचला, वह्या भरून लिहून घेतलं. त्या दिवशी ज्योती उंबऱ्यात रडत होती. त्या वह्यांतलं तिला काय वाचून दाखवू ते मला सुचेना. म्हणून म्हटलं, उचलूनच बघावं." मग तो म्हणाला, "पंकजाच्या वेळी मात्र लई जड गेलं. अजून जातं."

माझ्याने त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ज्योतीचा गणिताचा पेपर होता. संध्याकाळी मी माझ्या ओसरीवर सतरंजी अंथरली, दिवा बाहेर ओढून खिळ्याला टांगला आणि भिंतीवरून हाक मारून ज्योतीला आणि शांतवनला बोलावलं. समोरून सरपंच चालला होता. त्याने बघितलं. मी त्याला रामराम घातला आणि तिथेच बसून राहिलो. कडूबाई वाकडं जुळलेलं मनगट मांडीवर घेऊन भिंतीपलीकडून बघत होती.

ज्योती वही काढत होती. मी शांतवनपुढे मांडी घालून बसलो.

"दादा, मी माझी अट सोडली," मी म्हणालो. "तुमाला जे सांगायचं हुतं ते आता सांगा. पैल्यांदा मला सांगा. मी ऐकतो."

तो हसला. दीड वर्ष कोणी त्याला असं म्हणावं म्हणून तो दारोदार फिरला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, ज्योतीच्या वहीकडे बघितलं, आणि पेन्सिल उचलली.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी हिचं गणित होऊ द्या."

गणित संपायला फार वेळ लागला. सकाळच्या जीपने तो ज्योतीला परीक्षेच्या शाळेपर्यंत सोडायला गेला, आणि तिथूनच श्रीरामपूरच्या एसटीत बसला. त्याने मला सांगायचं ते राहूनच गेलं.