वाटाण्यावरची आंबील

सिद्धेश्वर बँकेतून निवृत्त झाले आणि लातूरच्या घरामागच्या वाफ्यांचं नशीब फुटलं. सगळा जन्म खुर्चीत गेला, हिरवं काही हाताळलं असेल तर कोथिंबिरीची जुडी. पण मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून हा माणूस रातोरात शेतीतज्ज्ञ झाला, असं त्यांच्या बायकोचं, महादेवीचं, स्वच्छ मत होतं. वाटाण्याच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तेव्हा ती म्हणाली, "दुकानातून गंधक आणा, मारा अन् मोकळे व्हा." पण नाही. साहेबांना घरगुती औषधच हवं! त्यांनी मडक्यात ताक आंबवायला घातलं, त्यात लसूण ठेचून टाकला, वर फडकं बांधलं आणि येता-जाता त्याचा वास घेत बसले.

महादेवीला ही थेरं बघायला वेळ नव्हता. येळवस तोंडावर आली होती. त्या अमावस्येला रेणापूरच्या शेतात सगळं घरदार जेवायला जमतं, आणि आंबील करायची ती थोरल्या जावेनं, कमलम्मानं. "शहरात राहून तुझ्या हाताची चव गेली," हे तिचं बोलणं ऐकून महादेवीचे कान किटले होते. यंदा तिनं हट्टानं आंबील आपल्याकडे मागून घेतली. ताकात ज्वारीचं पीठ शिजवलं, लसूण, मिरची, मीठ घातलं, मडक्यात आंबायला ठेवलं आणि वर फडकं बांधलं.

येळवसेच्या सकाळी ती आंघोळ करून आली, तर सिद्धेश्वर परसात पंपावर खेकसत होते. "नोझल सारखं तुंबतंय. पंपच भिकार!" शेवटी पंप आपटून त्यांनी तांब्यानंच औषध वेलांवर ओतलं होतं. पानापानांवरून पीठ ओघळत होतं, शेंगांना मिरचीचे तुकडे चिकटले होते.

"अहो, माझी आंबील होती ती!"

"दोन्हीला आंबटच वास येतो," ते म्हणाले. "सांगून ठेवायचं नाही का?"

एवढी वर्षं हा माणूस तिच्या हातची आंबील पीत आला होता. भांडणंसुद्धा तिला कमीपणाचं वाटलं.

शेतात ती रिकाम्या हातानं उतरली. कमलम्मानं गाडीतून आपलं मडकं काढलं. "मला ठाऊकच हुतं. म्हणून म्या पण करून आणली."

महादेवीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पूजा झाली, पंगत बसली. सिद्धेश्वरांनी पहिला पेला घटाघटा संपवला आणि मिशा पुसल्या.

"वा वहिनी! अगदी आमच्या घरच्यासारखी झालीय."

पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढता वाढता महादेवी थांबली.

"तुम्हाला काय ठाऊक हो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "घरची कशी असती?"

पंगत खदखदून हसली, सिद्धेश्वर सगळ्यांत मोठ्यानं. हसत हसतच त्यांनी पेला पुन्हा पुढं केला. कमलम्मा तेवढी हसली नाही; तिनं एकवार जावेकडे पाहिलं. तिनं मडकं उचललं आणि त्या पेल्यात थेंबही न ओतता ती पुढच्या पानाकडे गेली.