कपाळावरचं पीठ

कडी वाजली. पितळेची, एका अंगाने झिजून पातळ झालेली कडी — दाराच्या फळीवर तिचा तो एकच हलका टक्, आणि पहाटेची शांतता मधोमध तडकली... उर्वशीचा पिठाने माखलेला उजवा हात परातीतून उठला, डोक्याकडे निघाला, आणि कानाच्या उंचीवर आला तेव्हा तिला तो दिसला. दिसला, एवढंच नवीन होतं. एरवी तो तिला न विचारता जाऊन यायचा. आज तिने त्याला पाहिलं, थांब म्हटलं, तरी तो गेलाच; ओढणी कपाळापर्यंत ओढून परत पिठात येऊन बसला, काही घडलंच नाही असा.

सासरे, खेमसिंग, आत आले. नजर जमिनीवर, नेहमीसारखी. माठातून पाणी घेतलं आणि गेले.

म्हणजे मलाच अजून जमत नाही, तिला वाटलं. मी त्या बायांना शिकवलं, आणि मलाच...

आज बशा उघडायच्या होत्या. यवतमाळच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत तुरी-हरभऱ्याच्या बियाण्याला लावायचं जिवाणू खत तयार होई. त्यासाठी हवे ते जिवाणू काचेच्या बशांमध्ये, अगरच्या पारदर्शक, जेलीसारख्या थरावर वाढवायचे, आणि हवेतला, अंगावरचा, कपड्यातला दुसरा कुठलाही जीव तिथे पोचू द्यायचा नाही. काम चार बायांचं, त्यांना शिकवायचं काम उर्वशीचं. आणि बशांत बुरशी येत होती. पांढरी, मऊ, कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखी. संचालकांनी शेवटची एक परीक्षा ठेवली होती. ती झाली, बशा उबेच्या कपाटात गेल्या, आणि आज त्या स्वच्छ निघाल्या तर चौघी राहणार होत्या. नाहीतर पुढच्या महिन्यापासून नागपूरहून शिकलेली पोरं येणार, आणि चौघींना घरी बसायचं होतं.

एसटीत तिला खिडकी मिळाली. बाहेर वेचणीला आलेली कापसाची पराटी मागे पळत होती — पांढरी, पांढरी — आणि तिला ती बघवेना.

पहिल्यांदा तिने सगळं पुस्तकातलंच शिकवलं होतं. भिंतीवर चित्रं लावली, पडद्यावर पानं दाखवली. स्पिरिटने हात पुसायचे, बर्नरच्या ज्योतीजवळ काम करायचं, जिवाणू उचलायची तार लाल होईपर्यंत तापवायची, बशीचं झाकण तिरकं आणि जेमतेम उघडायचं, उघड्या बशीवरून हात न्यायचा नाही. झरी जामणीकडची तुळसाबाई, चौघींत मोठी, हे सगळं आरती म्हणावी तसं म्हणून दाखवायची. करायचीसुद्धा अगदी तसंच. उर्वशी शेजारी उभी राहून बघायची आणि तिला चूक सापडायची नाही. तरी मधूनच बुरशी यायची. एखाद्या दिवसाच्या बशा आरशासारख्या, दुसऱ्या दिवसाच्या कापसाने भरलेल्या... हात तेच, स्पिरिट तेच, ज्योत तीच. व्यवस्थापक बबनराव म्हणायचे, मॅडम, हे काम या बायांचं नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती घरी येऊन रडली होती एकदा, मोरीत, नळ सोडून.

आणि मग ती सकाळ. अशीच परात, अशीच कडी. तिची मुलगी — घरात सगळे नानकीच म्हणतात — ओट्याशी उभी राहून पिठाच्या गोळीची चिमणी करत होती. ती मान वर करून आईला म्हणाली, "याडी, तुया कपाळाले पीठ लागलं. रोजच लागते."

रोजच...

उर्वशी ताटाच्या पाठीत स्वतःला बघत राहिली. केसांच्या कडेला चार बोटं उमटली होती, पांढरी, स्पष्ट. आणि त्या बोटांवरून तिचं मन असं सुटलं की तव्यावरची भाकर जळली तरी कळलं नाही — बुरशी यायची ती बबनरावांच्या फेरीच्या दिवशी! ते दारात येऊन खाकरायचे. चौघींच्या डोक्यावर टोपी असायची, पदर एप्रनखाली खोचलेला असायचा, ओढायला काही नसायचंच. तरी मोठं माणूस आलं की हात उठायचा, टोपी पुढे ओढायचा, आणि उघड्या बशीवरून परत यायचा. कुणाला न कळता. तिलाही न दिसता, कारण त्या क्षणी तिचा स्वतःचा हात डोक्यावर असायचा.

तिने भिंतीवरची चित्रं काढून टाकली. नवं प्रशिक्षण रचलं ते नानकी झोपल्यावर, तिच्या उशाशी बसून, एका हाताने तिला थोपटत. त्यात फार काही नव्हतं. ज्वारीचं पीठ होतं, आणि बबनरावांचा खोकला होता.

हे बबनरावांना सांगणंच कठीण गेलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे बुरशी मी आणतो म्हणता?"

"तुम्ही नाही, साहेब. तुमचा मान आणतो."

 तरी दुसऱ्या दिवशी ते आले, दारात उभे राहिले, आणि खाकरले. रिकाम्या बशांवर पीठभरल्या हातांनी काम करणाऱ्या चौघींना उर्वशीने फक्त एकमेकींकडे बघायला सांगितलं. आधी कुणालाच उमगेना. मग तुळसाबाईच्या भुवईवरचं पीठ बघून चौघींतली कहकशां हसली, आणि तिच्या स्वतःच्या टोपीवर चार बोटं होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अम्मीनं बचपनपासून शिकवलेलं भुलाले थोडा टाईम तं द्या, मॅडम."

दिला. रोज बबनराव यायचे आणि खाकरायचे, कधी चहाच्या आधी, कधी मध्येच. घरी बायको औषध घ्या म्हणते आणि इथे मॅडम अजून खोका म्हणतात, असं कुरकुरायचे, पण यायचे. हात उठायचे, अर्ध्यात थांबायचे. तुळसाबाई एकदा म्हणाली की पाय बांधून चालायला सांगितल्यासारखं वाटतं. उर्वशीला कळत होतं. ते काही नुसतं वळण नव्हतं, त्यात मान दिलेली कितीतरी माणसं होती...

परीक्षेच्या दिवशी संचालकांनी पाठवलेले नागपूरचे दोन साहेब बबनरावांबरोबर थेट पाठीशी येऊन उभे राहिले. मोठे, जाडे, चकचकीत बुटांचे. त्यांतला एक खाकरला. तुळसाबाईच्या हातात तार होती, बशी उघडी होती. तिचा खांदा हलला, पण हात ज्योतीपाशीच राहिला. मान न वळवता तुळसाबाई म्हणाली, "साहेब, मान मनातून देल्ला हाय. हात कामात हायेत."

आणि आता ते कपाट. उबेचा ओलसर वास, दाराचं रबर सुटल्याचा आवाज. उर्वशीने पहिली बशी उजेडाकडे धरली. अगरवर तारेने ओढलेल्या रेघा तेवढ्या उगवल्या होत्या, दुधाळ, ओळीने, रांगोळीच्या बोटासारख्या. बाकी सगळं स्वच्छ. दुसरी बशी. तिसरी. ती पुढे बघत गेली आणि तिच्या मागे चौघी एकेक पाऊल पुढे सरकत आल्या. शेवटच्या बशीतून पलीकडची खिडकी दिसली, खिडकीतलं लिंबाचं झाड दिसलं, त्याचं पान न् पान दिसलं. कहकशांने तुळसाबाईला कमरेत मिठी मारून उचललंच. बबनराव दारात आले, खाकरले, आणि एकही हात वर गेला नाही. मग तेच आधी हसले, आणि त्यांनी आपली टोपी काढली.

परतताना एसटीला खिडकी नव्हती. दांडीला धरून उभं राहावं लागलं, आणि तिला वाटत होतं आपण उंच झालो आहोत, टपाला डोकं लागेल. तीच पराटी बाहेर पसरली होती, पांढरी, आणि किती सुंदर!

घरी आल्या आल्या तिने पीठ मळायला घेतलं. नानकी गळ्यात पडली, गुडघ्याला बिलगली, शेवटी ओट्याशी उभी राहून चिमणी करू लागली. उर्वशी तिला सांगत होती, बशीतून झाड कसं दिसलं ते —

कडी वाजली.

हात परातीत होते. ते परातीतच राहिले. तिने थांब म्हटलं नव्हतं. तिला काही म्हणायला वेळच मिळाला नव्हता. ओढणी खांद्यावर होती, कपाळाला वारा लागत होता.

खेमसिंग उंबऱ्यात थांबले. त्यांची नजर खालीच होती. हा माणूस... लग्नानंतर एम.एस्सी.च्या परीक्षेला हेच तिला तांड्यावरून फाट्यापर्यंत पोचवायला यायचे. पुढे चालायचे आणि एकदाही मागे वळून बघायचे नाहीत — सुनेला डोक्यावरचं काढून मोकळं चालता यावं, चालता चालता वाचता यावं म्हणून. ही कडीसुद्धा त्यांचीच. दार उघडंच असतं. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून वाजवायची. इतकी वर्षं एका बाजूने त्यांचं बोट आणि दुसऱ्या बाजूने तिचा हात, एकमेकांना असे जपत आलेले.

"काय झालं मंग त्या बायाइचं?" त्यांनी जमिनीलाच विचारलं.

"चारी जणी राह्यल्या, बाबा."

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. त्यांनी मान हलवली, दोनदा, खूश असले की हलवतात तशी. पाणी घेतलं, गेले. त्यांना दिसलं की नाही... दिसलंच असणार. पाणी पिताना ते थोडे जास्तच दाराकडे वळून उभे होते का? तिला आनंद होत होता, अजून होत होता, आणि त्याच्या खाली काहीतरी उघडं पडल्यासारखं गार लागत होतं. दोन्ही खरं होतं. तिने बोटाची मागची बाजू कपाळाला लावून पाहिली, पीठ न लागता.

नानकीने ते सगळं बघितलं होतं. चिमणी तळहातावर ठेवून ती दाराकडे बघत होती, मग आईच्या कपाळाकडे, मग पुन्हा दाराकडे.

"याडी," ती म्हणाली, "मंग आता आबाजीनं कडी कायले वाजवाची?"