चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे

हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याला गेली दोन वर्षं घास उतरत नव्हता. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप उघडायचं नावच घेत नव्हती. रोज शंभर जणांना जेवू घालणारा हा माणूस स्वतः कोपऱ्यात उभ्याउभ्या, पाण्यानं एकेक घास खाली ढकलायचा. आता तोंडातून दुर्बीण घालून ती झडप मोकळी करायची होती. चार महिन्यांनी नंबर लागला होता. अट एकच, आधीचे तीन दिवस फक्त पातळ पदार्थ.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तीन दिवसांत काही खाल्लंत?"

"कणसुद्धा नाही," आचारी छातीवर हात ठेवून म्हणाला.

"मी साक्षीला आहे," बायकोनं दुजोरा दिला.

बाईंनी कागदावरचा व्यवसाय वाचला. "कामावर जात होतात?"

"कालपर्यंत."

"मग चाखलं काय काय?"

चाखण्याला खाणं म्हणणारा आचारी अजून जन्माला यायचाय. त्यानं भोळेपणानं यादी सुरू केली. शिजला का बघायला चिमूटभर भात, मग बटाट्याची फोड, थोडे मटार. यादी लांबत गेली, तसे बायकोचे डोळे मोठे होत गेले.

"ते सगळं तुमच्या अन्ननलिकेतच बसलंय," बाई म्हणाल्या. "भूल दिल्यावर उलटून फुप्फुसात गेलं असतं, तर ऑपरेशन राहिलं बाजूला, जीव वाचवत बसलो असतो."

मरणापेक्षा आचाऱ्याला आणखी चार महिन्यांची धास्ती वाटली. "माझा नंबर गेला का?"

"उद्यावर गेला. आज जागेपणीच नळी घालून सगळं धुऊन काढू. आणि मुक्काम इथंच, स्वयंपाकघरापासून लांब."

"मी बसते पहाऱ्याला," बायको म्हणाली. "यांच्या जिभेचा काही भरवसा नाही."

धुताना तीन मटार निघाले, अख्खेच्या अख्खे. ते पाहिल्यावर बायको दिवसभर नवऱ्याशी बोलली नाही, पण त्याच्या उशाची खुर्चीही तिनं सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी औषध पाजून एक्स-रे काढला, कुठे गळती नाही याची खात्री केली आणि मग नर्सनं पेल्यात थोडं पाणी दिलं.

आचाऱ्यानं घोट घेतला आणि अडकायची वाट बघत बसला. त्याचे डोळे भरून आले.

"काय झालं, अहो? अडकलं का?" बायको घाबरून उठली.

त्यानं मान हलवली. "गेलं."